पॅनेलवरचा हिरवा दिवा

मॅगझिनसाठी फायर अलार्मवर लिहिणार आहे म्हटल्यावर माझी रूममेट म्हणाली, "त्यात काय लिहायचं? धूर आला की वाजतो." बरोबर आहे, धूर आला की वाजायलाच पाहिजे. पण तो वाजेल हे आज, धूर नसताना, कसं कळणार? पंखा बंद पडला तर दोन मिनिटांत घामानं कळतं. लिफ्ट बंद पडली तर पहिल्या माणसाच्या शिव्यांवरून कळतं. फायर अलार्म मात्र चालू असताना वर्षानुवर्षं काहीच करत नाही आणि बंद पडला तरी काहीच करत नाही. बाहेरून दोन्ही अवस्था अगदी सारख्या दिसतात. म्हणून त्याची तपासणी हा वेगळाच धंदा आहे.

चौथ्या सेमिस्टरनंतरच्या सुट्टीत मी सहा आठवडे अशा सिस्टीमची देखभाल करणाऱ्या एका छोट्या फर्मबरोबर पुण्यातल्या ऑफिस बिल्डिंगा हिंडले. बिल्डिंगांची नावं लिहीत नाही, कारण जे पाहिलं ते कोणाचीही जाहिरात होईल असं नव्हतं. भाषेबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे हा लेख शुद्ध मराठीत लिहावा म्हणून मी 'डिटेक्टर'ला 'धूम्रशोधक' वगैरे लिहून पाहिलं आणि आमच्या टीममधल्या सीनियर टेक्निशियन काकांना दाखवलं. ते म्हणाले, "अगं, ही ऐतिहासिक कादंबरी आहे का?" तेव्हा साइटवर बोलतात तेच शब्द वापरते आहे.

सिस्टीमची रचना तशी सोपी. छतावर डिटेक्टर, जिन्याजवळ काच फोडून दाबायचा लाल डबा (त्याला सगळे एम.सी.पी. म्हणतात), ओरडायला हूटर, आणि हे सगळं जिथे येऊन मिळतं ते पॅनेल, बहुधा तळमजल्यावर सिक्युरिटीच्या टेबलामागे. पॅनेलच्या पोटात दोन बॅटऱ्या.

जुन्या, म्हणजे कन्व्हेन्शनल पॅनेलमध्ये बिल्डिंगचे झोन पाडलेले असतात. एका झोनच्या दोन वायरी पॅनेलमधून निघतात, प्रत्येक डिटेक्टरच्या बेसला भेटत भेटत शेवटच्या डिटेक्टरपर्यंत जातात आणि तिथे एक साधा रेझिस्टर जोडलेला असतो. त्याचं नाव एंड ऑफ लाइन. पॅनेल लाइनवर २४ व्होल्ट डी.सी. देतं आणि या रेझिस्टरमधून काही मिलिअँपिअर करंट चोवीस तास वाहत राहतो. वायर तुटली किंवा कोणी डिटेक्टर काढून नेला की करंट थांबतो आणि पिवळा दिवा लागतो : फॉल्ट. धूर आला की डिटेक्टर स्वतः जास्त करंट ओढतो, लाल दिवा लागतो : फायर. यातलं काहीच नसेल तर हिरवा. म्हणजे हिरवा दिवा एवढंच सांगतो की पॅनेलला हवा तेवढा करंट मिळतो आहे. तो कुठून मिळतो आहे हे तो सांगत नाही!

दुसऱ्याच आठवड्यात एका सहा मजली बिल्डिंगमध्ये काकांनी पॅनेलचं झाकण उघडलं आणि मला म्हणाले, "बघ, काय दिसतं?" दोन झोनचे एंड ऑफ लाइन रेझिस्टर शेवटच्या डिटेक्टरवर नव्हतेच, ते पॅनेलच्या टर्मिनलवरच पिळून बसवले होते. मजल्यावरून आलेल्या वायरींना काळी टेप गुंडाळून त्या मागे सारल्या होत्या. कधीतरी त्या झोनवर फॉल्ट येत असणार, तो शोधायला फॉल्स सीलिंगमध्ये दिवसभर घुसावं लागलं असतं, आणि कोणीतरी दोन रुपयांच्या रेझिस्टरने पाच मिनिटांत फॉल्ट 'घालवला'. तेव्हापासून त्या दोन मजल्यांवरचे सगळे डिटेक्टर म्हणजे छतावरच्या पांढऱ्या वाट्या. खाली हिरवा दिवा लागलेला, आणि त्या मजल्यांवर रोज दीडेकशे माणसं बसतात.

हा प्रकार पकडायला एक मिनिट लागतं. झोनमधला सर्वात लांबचा डिटेक्टर बेसमधून फिरवून काढायचा आणि पॅनेलकडे बघायचं. पिवळा दिवा लागला तर ठीक. नाही लागला तर झाकण उघडायचं.

नव्या ॲड्रेसेबल पॅनेलमध्ये ही चलाखी जमत नाही. तिथे प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो आणि पॅनेल एखाद्या वर्गशिक्षिकेसारखं सतत हजेरी घेत असतं. पण तिथे दुसरी पळवाट आहे : डिसेबल. एखादा डिटेक्टर सारखा खोटा वाजतो म्हणून ऑपरेटर त्याला मेनूतून बंद करून टाकतो, उद्या बघू म्हणतो, आणि तो उद्या उजाडत नाही. म्हणून काका कुठल्याही ॲड्रेसेबल पॅनेलसमोर उभे राहिले की आधी डिसेबल केलेल्यांची यादी काढायचे. एका ठिकाणी यादी बघायला तीन वेळा स्क्रोल करावं लागलं.

आता मुख्य काम. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत : डोळ्यांनी बघणं, प्रत्यक्ष चालवून बघणं, आणि साफसफाई-दुरुस्ती. साइटवर तिन्हींना मिळून 'सर्व्हिसिंग' म्हणतात आणि बऱ्याच वेळा त्याचा अर्थ पॅनेल कापडाने पुसून रजिस्टरमध्ये सही, एवढाच होतो.

नुसत्या डोळ्यांनी किती कळतं याचं मला आश्चर्य वाटलं. नवीन डिटेक्टरवर धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकची टोपी येते. बांधकाम संपलं की ती काढायची असते. टोपी घालून चार वर्षं लटकणारे डिटेक्टर मी पाहिले आहेत. रंगाऱ्यांनी छताबरोबर डिटेक्टरही रंगवलेले पाहिले आहेत, जाळीसकट. एका मोठ्या हॉलच्या मधोमध काच उभी करून दोन केबिन केल्या, डिटेक्टर राहिला एकीत, दुसरी कोरडी. ए.सी.च्या झोताच्या तोंडाशी लावलेला डिटेक्टर, जिथे धूर पोचायच्या आधीच उडून जाईल. एम.सी.पी.समोर ए-फोर कागदाच्या खोक्यांची भिंत. यातलं काहीही पॅनेलला कळत नाही, त्याच्या हजेरीपटावर सगळे 'हजर'.

मग चालवून बघणं. स्मोक डिटेक्टर आतून कसा असतो हे कळलं तर टेस्टिंगमधल्या चुका आपोआप कळतात. बहुतेक ठिकाणी हल्ली ऑप्टिकल डिटेक्टर असतात. आत एक काळी डबी. तिच्यात एक एल.ई.डी. आणि एक फोटोडायोड, पण समोरासमोर नाही, कोनात, म्हणजे एरवी प्रकाश डायोडवर पडणारच नाही. धुराचे कण आत आले की प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो, थोडा डायोडवर पडतो, आणि ठरलेल्या पातळीच्या वर गेला की अलार्म. आता बघा, साध्या धुळीनेही प्रकाश विखुरतोच. म्हणजे अशा डिटेक्टरच्या डबीत धूळ साचली की तो आधीच अर्ध्या वाटेवर उभा असतो आणि जराशा कारणाने उरलेली वाट चालून टाकतो. मला आधी वाटायचं की मळलेला डिटेक्टर मंद होत असेल. जाळी बुजली तर तो खरंच बहिरा होतो, पण डबीत धूळ गेली तर उलट जास्त चिडका होतो. खोट्या अलार्मचं हे सगळ्यात मोठं कारण, आणि त्याचा इलाज ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. अमेरिकेतल्या एन.एफ.पी.ए. ७२ या संहितेत तर डिटेक्टरची संवेदनशीलता बसवल्यापासून वर्षाच्या आत आणि नंतर एक वर्षाआड मोजायला सांगितली आहे, नुसतं 'वाजला' हे पुरेसं धरत नाहीत.

काही डिटेक्टरना लोहचुंबक लावला की ते अलार्म देतात. ही टेस्ट झटपट होते म्हणून लोकप्रिय आहे. पण चुंबक फक्त इलेक्ट्रॉनिक्स तपासतो, धूर आत शिरतो का हे तपासतच नाही. तो रंगवलेला डिटेक्टर चुंबकाच्या परीक्षेत फर्स्ट क्लासमध्ये पास झाला होता. खरी टेस्ट म्हणजे लांब काठीच्या टोकाला कप, त्यात टेस्टिंगच्या स्प्रेचा डबा. कप डिटेक्टरवर टेकवायचा, फवारा सोडायचा आणि थांबायचं. स्प्रे महाग पडतो म्हणून बरेच जण अगरबत्ती धरतात. तिचा चिकट थर आत बसतो आणि आपणच पुढच्या खोट्या अलार्मची तयारी करून ठेवतो. काकांचं म्हणणं, "अगरबत्ती देवाला दाखव, डिटेक्टरला नको." पँट्रीत धुराऐवजी उष्णतेवर चालणारा डिटेक्टर लावतात, नाहीतर प्रत्येक फोडणीला बिल्डिंग रिकामी करावी लागेल. तो हॉट एअर गनने तपासतात.

टेस्टला दोन माणसं लागतात, एक काठीपाशी आणि एक पॅनेलपाशी, फोनवर. मी बहुतेक वेळा पॅनेलपाशी असायचे. काका वरून म्हणायचे, "चौथा मजला, सर्व्हर रूम." मी खाली वाचायचे, "तिसरा मजला, पूर्व लॉबी." डिटेक्टर उत्तम, वायरिंग उत्तम, फक्त इंटिरियर बदललं तेव्हा पॅनेलमधला मजकूर कोणी बदलला नाही. रात्री दोन वाजता हा संदेश वाचून सिक्युरिटीवाला तिसऱ्या मजल्यावर जाईल, काही नाही म्हणून खाली येईल आणि रिसेट दाबेल.

बॅटरीची गोष्ट थोडक्यात. १२ व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये. मल्टिमीटर लावून व्होल्टेज पुरेसं आलं म्हणून खूष व्हायचं नाही. म्हातारी बॅटरीही रिकाम्या हाताने २५ व्होल्ट दाखवते आणि हूटरचा लोड पडला की बसते. मेन्स बंद करून सगळे हूटर वाजवायचे आणि मग मीटर बघायचा. आग बऱ्याचदा शॉर्ट सर्किटची असते, म्हणजे नेमकी तेव्हाच मेन्स गेलेली असण्याची शक्यता जास्त.

अलार्म वाजला की बिल्डिंगने आपोआप काही गोष्टी करायच्या असतात. ए.सी.ची हवा फिरवणारी ए.एच.यू. थांबली पाहिजे, लिफ्ट तळमजल्यावर येऊन दार उघडून उभ्या राहिल्या पाहिजेत, कार्डाने उघडणारी दारं मोकळी झाली पाहिजेत. हे तपासायला लिफ्टवाला, ए.सी.वाला, आय.टी.वाला आणि आपण असे सगळे एका वेळी हजर लागतात, म्हणून हे कधीच तपासलं जात नाही. कोलकात्याच्या ए.एम.आर.आय. हॉस्पिटलमध्ये ९ डिसेंबर २०११ रोजी पहाटे बेसमेंटमध्ये आग लागली. आग खालीच होती, पण धूर इमारतभर वर पसरला आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. आगीपेक्षा धूर जास्त मारतो हे आपण पाठ केलेलं असतं, पण ए.एच.यू.चा तो एक रिले चालतो का हे बघायला शनिवारची सकाळ कोणी काढत नाही.

आणि एवढं सगळं चाललं तरी शेवटी पॅनेलसमोर एक माणूस असतो आणि त्याच्या बोटाखाली 'सायलेन्स' नावाचं बटण. माझ्या मते सिस्टीमचा सगळ्यात कमी तपासलेला भाग हाच. याची दोन उदाहरणं अमेरिकेतली देते, कारण तिथे दोन्ही आगींची चौकशी तपशीलवार झाली आणि काय घडलं ते नोंदलेलं आहे.

लॉस एंजेलिसमधली फर्स्ट इंटरस्टेट बँकेची ६२ मजली इमारत. ४ मे १९८८ ची रात्र. बाराव्या मजल्यावरच्या डिटेक्टरने अलार्म दिला. सिक्युरिटीने तो रिसेट केला. पुन्हा आला, पुन्हा रिसेट. मग वरच्या मजल्यांचेही अलार्म यायला लागले. तेव्हा देखभाल विभागातल्या एका माणसाला 'जाऊन बघ' म्हणून लिफ्टने बाराव्या मजल्यावर पाठवलं. लिफ्टचं दार आगीतच उघडलं आणि तो गेला. फायर ब्रिगेडला पहिले फोन बिल्डिंगमधून नाही, बाहेरच्या लोकांनी केले. चार-साडेचार मजले जळाले.

जवळजवळ तीन वर्षांनी, २३ फेब्रुवारी १९९१ ला, फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत बाविसाव्या मजल्यावर जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी आपोआप तापून पेटली. अलार्म आला. इंजिनियर बघायला लिफ्टने वर गेला. दार उघडलं तर समोर धूर आणि धग. खालच्या गार्डने लिफ्ट लॉबीतून परत बोलावली म्हणून तो वाचला. अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या कंपनीने बिल्डिंगला फोन केला, 'बघतोय' असं उत्तर मिळालं, आणि फायर ब्रिगेडला पहिली खबर दिली ती बाहेरच्या एका माणसाने. आग तिसाव्या मजल्यावर थांबली, कारण तिथे स्प्रिंकलर होते. तीन फायरमन मेले.

दोन्ही ठिकाणी अलार्मने आपलं काम केलं होतं. या गार्डना मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण ज्याने महिन्याभरात पंधरा खोटे अलार्म ऐकले आहेत आणि प्रत्येक वेळी ऑफिस रिकामं केल्याबद्दल मॅनेजरची बोलणी खाल्ली आहेत, तो सोळाव्याला काय करेल? आपल्याकडे खोट्या अलार्मची कारणं ठरलेली आहेत : इंटिरियरची धूळ, पेस्ट कंट्रोलचा फवारा, आणि खंडेनवमीला ऑफिसात मशिनींच्या पूजेचा धूप. यातली तीनही आधी माहीत असतात. त्या तासापुरता तो झोन बंद करा, कोणी आणि किती वाजता बंद केला ते लिहा, आणि पुन्हा चालू कोण करणार त्याचंही नाव लिहा. तिसरी नोंद कोणत्याच लॉगबुकमध्ये सापडली नाही.

ब्रिटिश संहितेत (बी.एस. ५८३९) एक साधी पद्धत आहे, ती मला फार आवडली. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी एक एम.सी.पी. चावीने चालवून हूटर वाजवायचा, मिनिटभराच्या आत बंद करायचा, आणि प्रत्येक आठवड्याला एम.सी.पी. वेगळा. चावीची किंमत नगण्य. त्यात वायर, पॅनेल, हूटर आणि माणूस असं सगळंच तपासून होतं, आणि लोकांना आवाज ओळखीचा होतो. आपल्याकडे १४ एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहात वर्षातून एकदा ड्रिल होतं. (१९४४ मध्ये याच तारखेला मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात फायर ब्रिगेडचे ६६ जवान गेले, त्यांची ही आठवण.) पण ड्रिलची वेळ आदल्या दिवशीच सगळ्यांना मेलने कळलेली असते आणि अर्धं ऑफिस चहाला बाहेर पडलेलं असतं.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. त्याप्रमाणे बिल्डिंगच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं फॉर्म बी सर्टिफिकेट घेऊन सादर करायचं असतं. कल्पना चांगली आहे. अडचण अशी की सर्टिफिकेट देणाऱ्याचे पैसे सर्टिफिकेट घेणारा देतो, आणि देखभालीचं काम सगळ्यात कमी कोटेशनला जातं. जानेवारी आणि जुलैत काकांचा फोन दिवसभर वाजत असतो. मधल्या महिन्यांत फोन आला तर तो 'हूटर बंद करून द्या' यासाठी.

आता आपलं हॉस्टेल. झोपलेल्या माणसाला उठवायचं असेल तर उशीपाशी ७५ डेसिबल आवाज मिळाला पाहिजे असं वर सांगितलेली ब्रिटिश संहिता म्हणते. आपले हूटर कॉरिडॉरमध्ये आहेत. एक मीटरवर १०० डेसिबल देणारा हूटर धरा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे १६ मीटरवर ७६. कॉरिडॉरमध्ये भिंतींमुळे इतकं पडत नाही, पण पुढे बंद दार आहे, आत पंखा आहे आणि परीक्षेच्या दिवसांत कानात इयरफोन. गणित न करता मोजूनच बघू म्हणून रेक्टर मॅडमची परवानगी घेऊन आम्ही चौघींनी एका रविवारी संध्याकाळी पाच वाजता, सगळ्यांना सांगून, हूटर वाजवला आणि लॅबमधला साउंड लेव्हल मीटर घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो. जिन्याजवळच्या खोल्यांत दार लावूनही ७८-७९ मिळाले. टोकाच्या चार खोल्यांत, दार बंद, पंखा पाचवर : ५८. नुसता पंखाच ५२ दाखवत होता.

त्याच फेरीत दुसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमधल्या दोन डिटेक्टरवर शॉवर कॅप घातलेल्या सापडल्या, रबरबँड लावून, व्यवस्थित. हीटरवर मॅगी करणाऱ्यांचं हे संशोधन आहे हे सांगायला नको. मॅडमनी नावं विचारली नाहीत, कॅप काढून घेतल्या आणि टोकाच्या खोल्यांसाठी दोन जास्तीच्या हूटरचा अर्ज ऑफिसात दिला. बुधवारी सकाळी अकरा वाजता एम.सी.पी. टेस्ट सुरू करायलाही त्या तयार आहेत, चावी सध्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. मीटर मी लॅबमध्ये परत केला आहे. बॉईज हॉस्टेलला हवा असेल तर लॅब असिस्टंट सरांकडे रजिस्टरमध्ये सही करून मिळतो, फक्त बॅटरी आपली न्यावी लागते.